आधी बांध, मग बाकडी

पावसाळ्यात कळंबा तलाव भरला की अर्धे कोल्हापूर सांडव्याकडे धावते. सेल्फी, रील्स, भाजलेले कणीस. पण ज्या बांधावर आपण उभे असतो त्याची तपासणी शेवटची कधी झाली, हे कुणी विचारत नाही. चर्चा होते ती सुशोभीकरणाची. कारण बाकड्याचे उद्घाटन करता येते, बुजवलेल्या गळतीची फीत कापता येत नाही.

‘एवढासा तलाव, त्याला काय होणार?’ असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातले मेघोली आठवावे. 1 सप्टेंबर 2021 च्या रात्री भुदरगड तालुक्यातला हा लघुप्रकल्प फुटला. एका महिलेचा जीव गेला, शेते वाहून गेली. त्याआधी 2 जुलै 2019 ला चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि वीसच्या आसपास माणसे गेली. गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केली होती. तेव्हाचे जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी मात्र खापर फोडले खेकड्यांवर! खेकडे बिळे करतात, मान्य. पण बिळे शोधून बुजवायचे काम कुणाचे?

मातीचे धरण फुटण्याआधी बहुतेक वेळा बोलते. पाझर वाढतो. पाझराचे पाणी गढूळ झाले, तर ते भरावातली माती सोबत नेत असते. आत पोकळी होते आणि शेवटी भराव खचतो. मी सॉफ्टवेअरवाला. सर्व्हर बंद पडण्याआधी लॉगमध्ये इशारे येत असतात. ते कुणी वाचलेच नाहीत, तर दोष मशीनचा नसतो.

धरण सुरक्षा कायदा, 2021 नुसार पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करावी लागते, आपत्कालीन आराखडाही लागतो. पण कायदा सरसकट लागू होतो 15 मीटरपेक्षा उंच धरणांना. 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांना अटी आहेत आणि त्याखालची धरणे बाहेरच. बांधाखालच्या वस्तीला या मोजपट्टीचा काय उपयोग?

दोस्तहो, आपल्या गावचा तलाव निवडा आणि माहिती अधिकारात तीन प्रश्न विचारा : हा तलाव या कायद्याखाली येतो का? शेवटचा तपासणी अहवाल कुठे आहे? बांध फुटला तर खालच्या वस्तीला कोण आणि कसे कळवणार? अर्जाला 10 रुपये लागतात, उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर नाही आले तर अपील करा. आले तर त्याची प्रत तलावाच्या फाटकावर लावा, सेल्फी काढणाऱ्यांनाही वाचू द्या.