राजकारणातील सोवळे

मागील एकादशीस फराळ आटोपून माजघरात बसलो असता आमचे चिरंजीव व पुतणे यांच्यात वाद जुंपला. पुतण्याचे म्हणणे असे की, जो पक्ष आपल्या तत्त्वापासून तसूभर ढळला त्याने आपली पाटी उतरवून ठेवावी. चिरंजीवांचे म्हणणे, इतके कडक सोवळे पाळणाऱ्याच्या पंक्तीस अखेर यजमान तेवढा उरतो. वहिनींनी दोघांसही उठवून लाविले. प्रश्न मात्र मजकडे राहिला.

आम्हा परभणीकरांस त्याचे उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. परतूर आज जालना जिल्ह्यात मोडते; १९८१ पूर्वी ते आमच्याच जिल्ह्यात होते. तेथे १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष गोविंदराव नानल. निजामी राज्यात ‘गश्ती निशाण ५३’ अन्वये सभेस सरकारी अनुज्ञा लागे. तेव्हा परिषदेची भाषा सनदशीर, विनंतीची असावी हे ओघानेच आले. पुढे १९३८ च्या सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेस जन्मास येण्यापूर्वीच सरकारने तीवर बंदी घातली. २४ ऑक्टोबर रोजी सत्याग्रह सुरू झाला, आणि पहिल्या तुकडीचे नेतृत्व कोणी करावे? याच नानलांनी! आता वाचकांनीच सांगावे, हे गृहस्थ नेमस्त की जहाल?

दोनच महिन्यांनी, २४ डिसेंबर रोजी, महात्माजींच्या सल्ल्याने तो सत्याग्रह स्थगित झाला. त्याच सुमारास आर्य समाज व हिंदु महासभा यांचेही सत्याग्रह चालू होते. राजकीय हक्कांचा लढा धार्मिक लढ्यात मिसळून जाऊ नये, हा त्यामागील हेतू. तुरुंगाची तयारी करून बसलेले तरुण चरफडले असतील यात नवल नाही. परंतु येथे पाऊल मागे घेतले ते तत्त्व निर्मळ राहावे म्हणूनच, हे ध्यानात घेतले पाहिजे.

खरा पेच त्यानंतरचा. बंदी १९४६ पर्यंत कायम राहिली. ‘काँग्रेस’ या नावावरच दरबारचा कटाक्ष होता. बुर्गुल रामकृष्णराव, काशीनाथराव वैद्य ही वकील मंडळी. बोलून मार्ग निघतो हा त्यांचा आयुष्याचा अनुभव. उलट स्वामी रामानंद तीर्थ हे पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर, हिप्परगा व अंबाजोगाईच्या शाळांतील मास्तर. ते मूळ मागणीवरून हलेनात. आमच्याच पेशाचे म्हणून कदाचित पक्षपात होत असेल, पण आमचे मते स्वामीजींचे बरोबर होते. बोलणी करण्यात दोष नव्हता; समोरच्यास केवळ काळ काढावयाचा आहे हे कळून चुकल्यावरही बोलत राहण्यात होता. सोवळे पाळावयाचे ते मागणीचे. भाषा, मुहूर्त, सोबती यांचे सोवळे पाळू लागल्यास परतूरची परिषदच भरली नसती.

या ताठ्याची किंमतही पडली, ती लपवू नये. बंदी उठल्यावर अध्यक्षपदासाठी स्वामीजी व रामकृष्णराव समोरासमोर उभे ठाकले. स्वामीजी निवडून आले, पण तट पडले ते पडलेच. १७ सप्टेंबर १९४८ नंतरही ते बुजले नाहीत. १९५२ च्या निवडणुकीनंतर रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. आमच्या परभणीची लोकसभेची जागा मात्र शेतकरी कामगार पक्षाने नेली.

हे सारे ऐकून चिरंजीवांनी लोकमान्यांचा दाखला काढिला. १९०७ साली सुरतेस फूट पडल्यावर जे बाहेर राहिले, तेच १९१६ साली लखनौस परत आले आणि १९१९ साली अमृतसरास ‘प्रतियोगी सहकारिता’ म्हणू लागले, नव्हे काय? मी म्हटले, होय. पण त्या दोन शब्दांतील पहिला शब्द तुम्ही गिळून टाकू नका.

अनंतराव भालेरावांचा हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामावरील ग्रंथ पुतण्याने दुसऱ्या दिवशी कपाटातून नेला. चिरंजीवांनी अद्याप मागितलेला नाही.