मीटर कमी, गाडी चांगली?

व्याजाच्या कर्जापासून दूर राहायचे ठरवलेल्या घरात गाडी बहुधा जुनीच येते आणि रोखीने येते. काही वर्षांची बचत, आखातातल्या भावाने पाठवलेली रक्कम, अम्मीची बीसी असे सगळे गोळा होऊन पाच-सहा लाख जमतात आणि एका रविवारी दुसऱ्याच्या हातात जातात. गाडी खराब निघाली तर दुरुस्तीला गाठीला काही उरलेले नसते. म्हणून घेण्यापूर्वीच नीट पाहायला हवे.

आपल्याकडे सध्या ओढा आहे तो छोट्या डिझेल एसयूव्हीकडे. गावच्या खडबडीत रस्त्याला उंची बरी, घाटात जोर बरा, हे खरेच आहे. ब्रेझा, नेक्सॉन, इकोस्पोर्ट, व्हेन्यू, एक्सयूव्ही ३०० ही नावे सारखी ऐकू येतात. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, म्हणजे बाजारातली प्रत्येक डिझेल ब्रेझा २०१६ ते २०२० मधली. तिचे १.३ लिटरचे इंजिन मूळ फियाटचे, स्विफ्ट आणि डिझायरलाही तेच होते, त्यामुळे तालुक्याच्या मिस्त्रीलाही ते पाठ आहे. इकोस्पोर्ट चालवायला मजबूत, पण फोर्डने भारतात गाड्या बनवणे थांबवत असल्याचे २०२१ मध्ये जाहीर केले. ती घेणार असाल तर तिचे काम जाणणारा मिस्त्री जवळपास आहे का, हे आधी बघा. तिच्या डिझेल इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो. तो कधी बदलला याचे बिल मागा, कारण बेल्ट तुटला तर इंजिनच जाते.

‘कोणती कंपनी भरवशाची?’ हा प्रश्न सगळे आधी विचारतात. आमच्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की ही गाडी आजवर कुठे आणि कशी चालली?

समजा दोन गाड्या समोर आहेत. एक पाच वर्षांत एक लाख दहा हजार किलोमीटर पळाली, बहुतेक हायवेवर. दुसरी पाच वर्षांत फक्त पंचवीस हजार, मुलांना शाळेत सोडणे आणि बाजारहाट. घरातले सगळे दुसरीवर खूश होतात. आम्ही पहिली आधी बघू, सर्व्हिसची बिले पूर्ण असतील तर. डिझेल इंजिन तापायला वेळ घेते आणि दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते धड तापतच नाही. बीएस-६ म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळून जायला गाडी एका वेगात सलग पंधरा-वीस मिनिटे पळावी लागते. शहरात तसे होत नाही, फिल्टर तुंबतो आणि बदलायचा खर्च मोठा येतो. तुमचाही वापर रोजचा दहा-बारा किलोमीटरचाच असेल तर डिझेलचा नाद सोडा, पेट्रोल घ्या.

शिवाय मीटर मागे फिरवणारेही आहेतच. चाळीस हजार सांगितले आणि पेडलचे रबर गुळगुळीत, स्टिअरिंग घासलेले, तर शंका घ्या. टायरवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. शोरूममध्ये प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटर नोंदवतात, ती नोंद मालकाकरवी मागवा.

गाडी पाहायला सकाळी जा आणि इंजिन आधी सुरू करू नका असे सांगून ठेवा. बॉनेटला हात लावा. गरम लागले तर थंड इंजिन सुरू होताना काय त्रास देते, हे लपवले गेले. सुरू केल्यावर निळा धूर दिसला तर इंजिन ऑईल जाळते आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर मिस्त्रीला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि मिस्त्री आपला असावा, विकणाऱ्याने आणलेला नव्हे. त्याची फी देताना हात आखडू नये.

पुराची गाडी ओळखणे वेगळे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूण पाण्यात होते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गाळाची रेघ तिथे राहते. मॅट उचला, सीटखालच्या पट्ट्या गंजल्या आहेत का पाहा. नवे सीटकव्हर आणि भरपूर अत्तर, दोन्ही एकदम असले की आम्हाला जास्तच शंका येते.

मदिनेच्या बाजारात प्रेषितांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. विकणारा म्हणाला, पाऊस लागला. मग ओले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आपल्यातला नाही असे बजावले. आपल्यातले कितीतरी भाऊ गॅरेज आणि गाड्यांच्या धंद्यात आहेत. अपघातात चेसिसला बसलेला मार किंवा तुंबलेला फिल्टर माहीत असून गप्प बसणे म्हणजे ओले धान्य खाली ठेवणेच. ‘त्याने विचारले नाही’ हे उत्तर तिथे चालत नाही.

घेणाऱ्यासाठीही शरियतमध्ये सोय आहे. सौदा करतानाच तीन दिवसांपर्यंत परत करण्याची मुभा ठेवता येते, तिला खियारे शर्त म्हणतात. हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत तिला जागा आहे. ती साध्या कागदावर लिहून घ्या, दोघांच्या सह्या करा. ओळखीतला व्यवहार असेल तर जास्तच.

कागदांत आरसी बुकावर कर्जाचा बोजा आहे का बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागेल. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. थकलेली ई-चलने आधी भरून घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणे कायद्याने मना आहे, पैसे बँकेतूनच द्या. विमा चौदा दिवसांत नावावर करायचा असतो, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेव्हा हप्ता वाढेल हे धरून चाला. विकणाऱ्यांनीही नाव बदलेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. आरटीओत नाव तुमचेच राहिले आणि अपघात झाला, तर भरपाईची नोटीस तुमच्या दारात येते.