परळ नेमकं कुठलं?

मीरा रोडला राहणाऱ्या खालाला केईएममध्ये तपासणी होती. मी फोनवर सांगितलं, "परळला उतर." ती उतरली लोअर परळला. गुडघेदुखी घेऊन विचारत विचारत पोहोचली, तोवर नंबर गेला होता. चूक माझी. पश्चिम रेल्वेवरून येणाऱ्याने प्रभादेवीला उतरून पूल ओलांडायचा. परळ स्टेशन मध्य रेल्वेवर आहे. पण खालाच्या डोक्यात ते स्टेशन अजून एल्फिन्स्टनच. नाव बदललं २०१८ मध्ये.

इंग्रजी नावं गेली याचं मला दुःख नाही. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, चर्नी रोडचं गिरगाव करण्याला मंजुरी दिली. ही लोकांच्या तोंडातलीच नावं आहेत. पण मेट्रोचंही एक गिरगाव स्टेशन आहे. मग उद्या "गिरगावला भेटू" म्हटलं, तर दोघं दोन ठिकाणी उभे राहायचे!

दादरचं उदाहरण बघा. दोन्ही रेल्वेंचे फलाट एकपासून मोजले जायचे, माणसं भलत्याच जिन्यावर धावायची. डिसेंबर २०२३ मध्ये एक ते चौदा असे सलग क्रमांक दिले. साधा उपाय, पण प्रवाशाचा विचार करून केलेला.

नावं बदलताना हाच विचार हवा. काही वर्षं जुनं नाव पाटीवर आणि घोषणेत राहू द्या. प्रभादेवीच्या पाटीखाली "केईएम, टाटा रुग्णालयासाठी इथे उतरा" एवढं लिहा. नाव अभिमानासाठी असेलही, पाटी मात्र वाट चुकलेल्यासाठीच असते.