मूल एका जिल्ह्यात, शाळा दुसऱ्या जिल्ह्यात, बस कोणाची?

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. भिवंडी तालुका ठाण्यात राहिला. शेजारचे वाडा आणि वसई पालघरमध्ये गेले. गणेशपुरी-वज्रेश्वरीचा पट्टा या नव्या हद्दीला लागून आहे. बाजार, दवाखाना, शाळा यांसाठी माणसे आजही जवळचे गाव बघतात, जिल्हा नाही. पण मुलांना शाळेत नेण्या-आणण्याची जबाबदारी कोणाची, असे विचारले की ही हद्द आडवी येते.

कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्क कायदा २००९ आणि त्याखालील राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा हवी. म्हणजे कायदा अंतर मोजतो. मात्र याच कायद्याचे कलम ९ स्थानिक प्राधिकरणाला आपल्या क्षेत्रात राहणाऱ्या मुलांची नोंद ठेवायला सांगते. मूल राहते पालघरमध्ये आणि शिकते ठाण्यात, तर नोंद एका जिल्हा परिषदेकडे आणि हजेरी दुसरीकडे. दोघींनीही हात झटकायला एवढी फट पुरते.

आठवीनंतर प्रश्न आणखी बिकट होतो. कायद्याचे संरक्षण १४ वर्षांपर्यंतच आहे, आणि हायस्कूल लांब असते ते नेमके तेव्हाच. समग्र शिक्षा योजनेत प्रवासासाठी वर्षाला कमाल ६,००० रुपयांची तरतूद आता माध्यमिक स्तरापर्यंत आहे. पण हद्दीवरच्या मुलाचे नाव यादीत कोणी घालायचे, हा प्रश्न उरतोच.

एसटीने ही हद्द कधीच मानलेली नाही. वाडा तालुका पालघरमध्ये गेला, तरी वाडा आगार एसटीच्या ठाणे विभागातच राहिले. विद्यार्थ्यांना पासात ६६.६७ टक्के सवलत आहे आणि अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे. पण पास म्हणजे बस नव्हे. शाळेच्या वेळेला गाडीच नसेल तर पास दप्तरातच राहतो. २०२१-२२ च्या संपात एसटी थांबली तेव्हा खेड्यातल्या मुलांची शाळाही थांबली. ज्या पाड्यात, वस्तीत घरी मोटारसायकल नाही, तिथे आधी मुलीचे शिक्षण सुटते.

अमेरिकेत १९७४ साली मिलिकेन विरुद्ध ब्रॅडली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले की, डेट्रॉइट शहरातला वर्णभेद मोडण्यासाठी उपनगरांच्या शालेय जिल्ह्यांना त्या योजनेत ओढता येणार नाही. काळी मुले शहराच्या शाळांत अडकून पडली. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी विरोधी निकाल लिहिला. तिथे हद्द ही भिंत झाली. आपल्याकडे असा निकाल कोणी दिलेला नाही, केवळ टोलवाटोलवी चालू आहे. म्हणून ती मोडणेही शक्य आहे.

तरुण कार्यकर्त्यांनी तीन कामे हाती घ्यावीत. हद्दीपलीकडून येणाऱ्या मुलांची गाव, इयत्ता आणि अंतरासह यादी करावी. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घेऊन ती दोन्ही जिल्हा परिषदांच्या शिक्षणाधिकाऱ्यांना एकाच पत्राने द्यावी. आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा लिहून संबंधित आगाराकडे गाडीची मागणी करावी. प्रत्येक पत्राची पोच घ्यावी.

बाबासाहेबांनी ‘शिका’ हा शब्द सर्वांत आधी ठेवला. शिकायला आधी शाळेपर्यंत पोहोचावे लागते.