बुद्धाच्या देवळातला नृसिंह

चीनच्या आग्नेय किनाऱ्यावर, फुजियान प्रांतात छुआनचौ नावाचं जुनं बंदर आहे. बीजिंग, शांघाय, शीआन करून परतणाऱ्या आपल्या सहलींच्या वाटेत ते येत नाही. याची मला खरोखरच रुखरुख वाटते. भारतातून जाणाऱ्या माणसाला चीनमधलं एकच जुनं शहर पाहता येणार असेल, तर त्याने हेच पाहावं असं माझं ठाम मत आहे.

जुन्या शहरात, पश्चिम रस्त्यावर काययुआन हे बौद्ध मंदिर आहे. इ.स. 686 मध्ये स्थापन झालेलं. आवारात तेराव्या शतकातले दोन उंच दगडी पॅगोडा आहेत, 1604 चा मोठा भूकंप पचवून उभे. पश्चिमेकडच्या पॅगोड्यावर तलवार घेतलेला एक वानरवीर कोरलेला आहे. ज्या कादंबरीने चिनी वानरराजा जगभर पोचवला, ती या शिल्पानंतर काही शतकांनी लिहिली गेली. लोक पॅगोड्यांचे फोटो काढतात, मुख्य सभागृहात बुद्धाला उदबत्ती लावतात आणि बाहेर पडतात. खरं तर सभागृहाला वळसा घालून मागच्या ओसरीत जायला हवं. तिथे काळपट हिरव्या दगडाचे दोन खांब आहेत. भोवतीच्या खांबांपेक्षा वेगळे, अनेक पैलू पाडलेले, आणि त्यांवर चौकटी-चौकटींतून कोरीवकाम.

जवळ जाऊन पाहिलं आणि अंगावर काटा आला. एका चौकटीत नृसिंह होता. मांडीवर आडवा हिरण्यकशिपू, पोटात रुतलेली बोटं. दुसरीकडे मगरीने पाय धरलेला गजेंद्र. आणखी एका चौकटीत दोन झाडांच्या मधला कृष्ण. या गोष्टी कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती; लहानपणी आजीकडून ऐकलेल्या त्या गोष्टी इथे, चिनी देवळाच्या मागच्या बाजूला, दगडात उभ्या होत्या. शेजारी एक चिनी कुटुंब छोट्या मुलाला खांबाजवळ उभं करून फोटो काढत होतं. त्या मुलाच्या आईला मी मोबाइलवरच्या भाषांतराच्या आधाराने नृसिंहाची गोष्ट सांगायचा प्रयत्न केला. उंबरठ्यावर, संध्याकाळी, नखांनी, हे सगळं तिला कळलं असेल की नाही कोण जाणे, पण मुलाने त्या पोटावरच्या बोटांना हळूच हात लावून पाहिला.

हे खांब मुळात इथले नव्हेत. सोंग आणि युआन राजवटींच्या काळात छुआनचौ हे जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या बंदरांपैकी एक होतं. मार्को पोलो, इब्न बतूता हे प्रवासी त्याला झैतून म्हणत. मार्को पोलो परतीच्या समुद्रप्रवासाला इथूनच निघाला. आपल्या ठाण्याचं वर्णनही त्याच्याच पुस्तकात सापडतं. अरब, इराणी, तमिळ व्यापारी इथे पिढ्यान्‌पिढ्या राहत. तमिळ लोकांनी इथे शंकराचं देऊळ उभारलं होतं, याचा लेखी पुरावाच आहे: तमिळ मजकुराखाली चिनी अक्षरांची ओळ असलेला एक शिलालेख. संबंध पेरुमाळ नावाच्या माणसाने खानाच्या फर्मानाने, खानाला आरोग्य लाभावं म्हणून, देवाची स्थापना केली असं त्यात म्हटलं आहे. काळ दिला आहे शके 1203, महिना चित्तिरै. म्हणजे 1281 सालचा एप्रिल. आपल्या पंचांगावर आजही छापला जाणारा शक कुब्लाई खानाच्या राज्यात एका दगडावर कोरला गेला होता! हे वाचल्यावर मी बराच वेळ दुसरं काही वाचू शकले नाही.

मग ते देऊळ गेलं कुठे? 1357 ते 1366 या काळात इथे मोठी बंडाळी झाली, परदेशी वस्ती उद्ध्वस्त झाली. पुढच्या मिंग राजवटीने समुद्रव्यापारावर निर्बंध घातले. देवळांचे, मशिदींचे, कबरींचे दगड मोकळे पडले आणि लोकांनी ते वापरले. काही शहराच्या तटबंदीत गेले, काही पुलांत, काही घरांच्या पायात. सभागृहाची दुरुस्ती करताना काहींना बुद्धाच्या देवळात जागा मिळाली. त्याच सभागृहासमोरच्या चौथऱ्याच्या पायाशी माणसाचं तोंड आणि सिंहाचं अंग असलेल्या 70 हून अधिक आकृत्यांची रांग आहे, तीही त्याच देवळातून आलेली.

विसाव्या शतकात तटबंदी पाडली जाऊ लागली तेव्हा हे दगड पुन्हा उजेडात आले. पाथरवट ते विकत घेऊन तासून पुन्हा वापरणार, असा बेत. त्या वेळी वू वेनलियांग नावाचे एक शाळामास्तर पडझडीच्या जागी फिरत राहिले. स्वतःच्या पगारातून दगड विकत घेत, घरी नेऊन अंगणात ठेवत. अरबी अक्षरांचे, क्रूसाखाली कमळ कोरलेले, लिंगाला फूल वाहणाऱ्या हत्तीचे. 1957 मध्ये त्यांनी या शिल्पांवर पुस्तक प्रसिद्ध केलं आणि आपला संग्रह सरकारला देऊन टाकला. आज सागरी इतिहास संग्रहालयाच्या दालनांतून फिरताना जे दिसतं त्यातलं कितीतरी त्यांच्यामुळे उरलं. 2021 मध्ये युनेस्कोने छुआनचौमधली 22 स्थळं जागतिक वारसा यादीत घेतली. त्या यशाची सुरुवात त्या मास्तरांच्या अंगणात झाली असं मी म्हणेन. शक्य असेल तर आधी संग्रहालय पाहावं, मग मंदिर. दगड ओळखीचे होतात.

काययुआनच्या आवारातच एका दालनात 1974 मध्ये बंदराच्या गाळातून काढलेलं सोंग काळातलं जहाज ठेवलं आहे. तळाचा भाग तेवढा उरलाय, पण आतले 13 कप्पे स्पष्ट दिसतात. एका कप्प्यात पाणी शिरलं तरी दुसरा कोरडा राहावा अशी रचना. आत माल मिळाला सुगंधी लाकूड, मिरी, सुपारी, कवड्या.

ती मिरी मला दुसऱ्या दिवशी सकाळी भेटली. म्येनश्येन हू हा इथला नाश्ता. केसासारख्या बारीक गव्हाच्या शेवया रश्शात इतक्या शिजवायच्या की चमच्याने पिता याव्यात, रताळ्याच्या पिठाने जरा दाटपणा आणायचा. समोर मांडलेल्या थाळ्यांतून अंडं, कालवं, तळलेलं आंबूस मांस, आतडी यांपैकी हवं ते बोटाने दाखवायचं. दुकानातल्या काकू ते भराभर कात्रीने कापून वाडग्यात टाकतात आणि वरून पांढरी मिरपूड भुरभुरतात. सोबत लांब तळलेली कुरकुरीत पोळी, बुडवून खायला. मिरपुडीचा झटका घशाला लागतो आणि झोप उडते. दुपारी आल्यातलं बदक खावं. जून आलं, तिळाचं तेल आणि बदक मातीच्या भांड्यात घालून ती भांडी खड्या मिठावर ओळीने मांडलेली असतात, वास गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. मोठ्या बौद्ध मंदिरांच्या आसपास शाकाहारी खाणावळी सापडतात. चहा मात्र सगळ्यांनी प्यावा. तिएगुआनयिन हा प्रसिद्ध चहा छुआनचौच्याच आन्शी तालुक्यातला, आणि इथे कुठल्याही दुकानात टेकलं की इवल्याशा पेल्यात तो पुढे येतो.

शहराबाहेर लुओयांग पूल आहे, 1053 ते 1059 या काळात खाडीवर बांधलेला. भरतीच्या माऱ्यात पायाचे दगड जागेवर राहावेत म्हणून बांधणाऱ्यांनी त्यांवर कालवं वाढवली. कालवांनी आपल्या चुनखडीने दगड एकमेकांना चिकटवून टाकले. ओहोटीला जावं, म्हणजे खांबांना चिकटलेल्या शिंपांचे थर दिसतात. काठावर डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका कालवं फोडत बसलेल्या असतात. कोकणातल्या खडपांवर ओहोटीला कोयती घेऊन बसणाऱ्या बायकांसारख्याच, तशाच भरभर चालणाऱ्या हातांच्या. हीच कालवं रताळ्याच्या पिठात आणि अंड्यात घोळवून तव्यावर टाकतात. इतकी चविष्ट कालवं मी किनारपट्टीवरची असूनही खाल्ली नव्हती.

तूमेन रस्त्यावर हिजरी 400 मध्ये स्थापन झालेली मशीद आहे, तिच्या प्रार्थनागृहाला आता छप्पर नाही, भिंती आणि आभाळ. काही पावलांवर गुआन यू या युद्धदेवतेचं मंदिर, उदबत्त्यांच्या धुराने भरलेलं. आणि संध्याकाळी नानयिन ऐकावं. 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेलं हे संगीत, पिपा हे तंतुवाद्य आडवं धरून वाजवतात, गाणारी हातातल्या लाकडी पट्ट्यांनी ठेका धरते. लय इतकी संथ की आधी चुळबुळ होते, मग मन हळूहळू बसतं. पश्चिम रस्त्यावरची एकसारखी नवी दुकानं मला आवडली नाहीत. गर्दी वाढली की असं होतं, पण या शहराला नटवायची गरज नाही.

चेडियन या जवळच्या गावातल्या छोट्या देवळात चार हातांची एक मूर्ती आहे. पायाखाली राक्षस, दोन्ही बाजूंना सेवक. अभ्यासक सांगतात, ती त्या तमिळ वस्तीतली हिंदू देवता आहे. गावकरी तिला करुणेची देवी ग्वानयिन म्हणून पुजतात, आणि ही माहिती कळल्यावरही त्यांनी पूजा थांबवलेली नाही. मूर्ती संग्रहालयात सुरक्षित राहील असं कुणी म्हणेल. वू मास्तरांनी वाचवलेल्या दगडांना कुणी वाली नव्हता, म्हणून त्यांची जागा संग्रहालयात. हिला आहे. तिच्यापुढे फळं ठेवणाऱ्या बायकांकडून ती काढून घेऊ नये, कधीच.