कानाशी ५८० व्होल्ट

समजा, धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीत आयटीआय झालेल्या एखाद्या मुलाने ठरवले की आपण इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन घरीच बांधायचा. घरचे आधी विचारतील, बाजारात काहीशे रुपयांत मिळतो तो का नको? मग विचारतील, इतके व्होल्ट कानाशी न्यायचे म्हणजे जिवाशी खेळ नाही का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि या छंदाचे गोडवे गाणारे दोन्हींना बगल देतात. आमच्या मते मात्र कळीचा प्रश्न तिसराच आहे: ऐन जूनमध्ये हेडफोनचा एक कान मुका झाला, तर तो उघडणार कोण?

आधी वस्तू काय आहे ते पाहू. नेहमीच्या हेडफोनात चुंबक असतो, त्याच्या फटीत तारेची गुंडाळी असते आणि गुंडाळीला पडदा चिकटवलेला असतो. गुंडाळी पडद्याला जिथे चिकटली आहे तेवढ्याच कड्यावर धरून हलवते. बाकीचा पडदा मागोमाग येतो आणि येताना स्वतःची थरथर आवाजात मिसळतो. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये गुंडाळीही नाही आणि चुंबकही नाही. भोके पाडलेल्या दोन पत्र्यांच्या मधोमध पॉलिएस्टरची ताणलेली पातळ फिल्म असते. तिच्यावर काहीशे व्होल्टांचा स्थिर दाब असतो. कारागीर त्याला बायस म्हणतात. गाण्याचा सिग्नल दोन पत्र्यांना उलटसुलट दिला जातो. एक पत्रा ओढतो, दुसरा ढकलतो आणि फिल्म सबंध पृष्ठभागावर एकदम हलते. सात सेंटिमीटर व्यासाच्या, तीन मायक्रॉन जाडीच्या फिल्मचे वजन हिशेबाने काढले तर जेमतेम सोळा मिलिग्रॅम भरते. तिला लागून असलेला साडेतीन मिलिमीटरचा हवेचा थरही तेवढाच जड असतो. हवा हलवायला हवेच्याच वजनाची वस्तू लावली आहे. या यंत्राची सगळी कीर्ती एवढ्या हिशेबावर उभी आहे.

कल्पना नवी नाही. अमेरिकेत ई. सी. वेंट यांनी १९१७ च्या सुमारास केलेला कंडेन्सर मायक्रोफोन हीच रचना उलट दिशेने वापरतो. फिल्मवरचा भार कायम राहिला तर आवाजातली विकृती नाहीशी होत जाते, याची मांडणी हार्वर्डच्या फ्रेडरिक हंट यांच्या १९५४ च्या ग्रंथात आहे. इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीने १९५७ मध्ये याच तत्त्वावरचा स्पीकर विकायला काढला. जपानच्या स्टॅक्सने १९६० मध्ये पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन बाजारात आणला. पुढे स्टॅक्सने ५८० व्होल्टांचा बायस रूढ केला आणि घरी बांधणारेही बहुधा तोच धरून चालतात. जर्मनीच्या सेनहायझरने २०१५ मध्ये जाहीर केलेला एचई-१ तर सुमारे ५० हजार युरोंचा होता. एवढ्या पैशांत बेंबळीत शेत घेता येईल, पण तो विषय वेगळा.

किमतीचा आकडा डोळे दिपवतो आणि इथेच छंदिष्टांचा पहिला युक्तिवाद उभा राहतो: यात महागडे काहीच नाही, मग स्वतः का करू नये? ते खरेही आहे. चुंबक ओतायचा नाही, केसाएवढ्या तारेची गुंडाळी करायची नाही. तांबे चढवलेल्या पीसीबीच्या पत्र्याला ड्रिलने भोके पाडली की स्टेटर, म्हणजे फिल्मच्या दोन बाजूंचे पत्रे, तयार. दोन पत्र्यांत अर्धा-अर्धा मिलिमीटर अंतर ठेवणारी प्लास्टिकची कडी कापता येते. फिल्म सगळीकडून सारखी ताणायला तर सायकलची ट्यूब चालते: गोल फळीच्या कडेने ट्यूब बसवायची, वरून फिल्म चिकटवायची आणि पंपाने हवा भरत जायची. फिल्मवर शिसपेन्सिलीच्या ग्रॅफाइटची पूड कापसाने चोळायची आणि जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत पुसून काढायची. थर जाड राहिला तर भार फिल्मवर इकडेतिकडे धावतो आणि हंट यांनी सांगितलेला फायदा हातचा जातो.

अडते ते फिल्मपाशी. पॉलिएस्टर फिल्म बनवणारे गरवारे यांचे कारखाने मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरला आहेत; पण गाडीच्या काचेला लावायची फिल्म इथे कामाची नाही, ती कितीतरी पट जाड असते. लागते ती कंडेन्सरमध्ये गुंडाळतात तसली, तीन ते सहा मायक्रॉनची. ती जिल्ह्याच्या गावी दुकानात मिळेल अशी आशा धरू नये. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथे बाकीचे सगळे सुटे भाग मिळतात. फिल्मसाठी मात्र ओळख काढावी लागते.

आता ऐकण्याचे. मिरजेत घडवलेल्या तंबोऱ्याची जवारी नीट लागली असेल तर एका तारेतून स्वरांचा जो पुंजका उमलतो, तो वेगळा वेगळा ऐकू येणे हे या हेडफोनचे खरे बळ. गायकाने श्वास घेतला, तबल्याच्या शाईवर बोट आले, हे सगळे सुटे कळते. हलगी आणि संबळ ऐकणाऱ्याची मात्र निराशा होईल. छातीत बसणारा ठोका इथे मिळत नाही. फिल्म फार पुढेमागे जाऊ शकत नाही, आणि कानाभोवतीची गादी जराशी उचलली गेली तरी खालचे सूर निसटतात. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या ऐकायच्या असतील तर गाण्याआधी तबकडीची खरखरच स्पष्ट होईल. शिवाय हे हेडफोन मागून उघडे असतात. देवळावरचा कर्णा चालू असेल तर तो आत येणार आणि आपले गाणे शेजारच्या खाटेवर जाणार.

आवाजाच्या बाजूचा दुसरा खर्च लपलेला असतो. मोबाइलच्या पिनेतून हे यंत्र हलत नाही. पत्र्यांना शेकडो व्होल्टांचा सिग्नल लागतो. स्वस्तातला उपाय म्हणजे साध्या अँप्लिफायरला २३० ते ६ व्होल्टांचा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडणे. चालतो, पण पन्नास हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेल्या वस्तूकडून वरच्या सुरांची अपेक्षा किती करावी? चांगला खास अँप्लिफायर करायचा तर तो हेडफोनहून अवघड आणि महागही. पैसे वाचवायला म्हणून या वाटेला कोणी जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या पैशांत चांगला गुंडाळीचा हेडफोन येतो. फिल्मवर वाहक रेषा छापून चुंबकांमध्ये ठेवणारा प्लेनर प्रकारही आहे; त्याला उच्च दाब लागत नाही आणि आवाज बराचसा याच जातीचा असतो.

भीतीचे काय? लोक ५८० या आकड्याला घाबरतात, आणि घाबरायची जागा नेमकी चुकते. बायसच्या वाटेत पाच मेगओमचा रेझिस्टन्स असेल तर फिल्मला बोट लागले तरी सव्वाशे मायक्रोअँपिअरच्या आतच प्रवाह वाहतो; चटका जाणवेल, इतकेच. (एकच छोटा रेझिस्टन्स एवढा दाब सोसत नाही, म्हणून तीन-चार ओळीने जोडावेत.) मारणारी वस्तू टेबलावर असते. अँप्लिफायरच्या पुरवठ्यातला ४०० व्होल्टांवर भरलेला ४७ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर पावणेचार ज्यूल धरून बसतो. फिल्मवरच्या ऊर्जेच्या लाखाहून अधिक पट ही ऊर्जा आहे, आणि प्लग काढल्यानंतरही ती तशीच राहते. त्याहून वाईट खोड म्हणजे घरातल्या बोर्डावरून थेट डायोड-कंडेन्सर लावून दाब दुप्पट करणे. २३० व्होल्टांचे शिखर ३२५, दुप्पट केले की ६५०, असा सोपा हिशेब कागदावर मोह पाडतो. पण मध्ये ट्रान्सफॉर्मर नसेल तर हेडफोनची वायर म्हणजे घराची फेज वायरच. ही मांडणी करू नये. यात मत देण्यासारखे काही नाही.

गावाकडच्या विजेचा आणखी एक मुद्दा आहे. शेतीपंपांचा भार वाढला की दाब उतरतो, पंप बंद झाले की चढतो. मध्ये ट्रान्सफॉर्मर घालून केलेली दुप्पट करणारी मांडणीही १८० व्होल्टांना सुमारे ५१० देईल, २६० ला ७३५. बायस उतरला की आवाज दबतो. चढला की फिल्म पत्र्याला जाऊन चिकटते. झेनर डायोडची साखळी लावून दाब बांधून घ्यावा, किंवा बॅटरीवर चालणारा छोटा पुरवठा करावा. डास मारायच्या रॅकेटमध्ये तोच प्रकार असतो: बॅटरी, एक ट्रान्झिस्टर, चिमुकला ट्रान्सफॉर्मर आणि दाब वाढवणारे डायोड. रॅकेटचा दाब मात्र बांधलेला नसतो आणि तिच्यातला कंडेन्सर झटका देण्यासाठीच ठेवलेला असतो. तत्त्व घ्यावे, सर्किट जसेच्या तसे उचलू नये.

आता निगेकडे वळू. बांधणीवर लिहिणारे पुष्कळ आहेत, निगेवर थोडे. भारलेली फिल्म धूळ ओढून घेते आणि बेंबळीत धुळीला तोटा नाही. सोयाबीनची मळणी सुरू झाली की भुसा बंद कपाटातही शिरतो. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत एक तंतू अडकला की तो फिल्म आणि पत्र्याच्या मध्ये पूल बांधतो. आधी चिरचिर ऐकू येते, मग एका कानाचा आवाज उतरत जातो, आणि दुर्लक्ष केले तर ठिणगी पडून फिल्मला भोक पडते. उन्हाळ्यात हवा कोरडी असते तोवर सगळे गुण्यागोविंदाने चालते. पाऊस लागला, हवा दमट झाली, की कडांवरून भार झिरपू लागतो. कानाचा घाम त्यात भर घालतो. दोन्ही बाजूंना पातळ पॉलिथीनचा पडदा, वापर संपला की बायस बंद, ठेवताना घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, एवढे तर रोजचेच धरावे. फिल्म ढिली पडणे ही वर्षा-दोन वर्षांची गोष्ट. ढिली फिल्म पत्र्याला चिकटते, फार घट्ट ताणलेली खालचे सूर गिळते. मधला ताण पुस्तकातून येत नाही, तो हातालाच कळावा लागतो.

आणि इथेच घरगुती वस्तू विकतच्या वस्तूवर मात करते. कारखान्यातली जोडी बिघडली की बेंबळीहून ती परदेशापर्यंत पाठवायची तयारी हवी. घरी केलेली नायलॉनच्या स्क्रूंनी आवळलेली असेल, गोंदाने चिकटवलेली नसेल, तर दुपारभरात उघडते, पुसते, नवी फिल्म चढते. पण हा फायदा पहिल्या दिवशीच्या निर्णयावर अवलंबून असतो. देखणेपणासाठी जो सगळे चिकटवून टाकतो, त्याने घरगुतीचे तोटे घेतले आणि कारखान्याचेही.

म्हणून आमचा कौल असा. स्वस्तात चांगला आवाज हवा असेल तर बांधू नये. शिकायचे असेल, उघडून दुरुस्त करायची तयारी असेल, तर जरूर बांधावा. बेंबळी त्याला लहान नाही. पुरवठ्याचे काम एकट्याने घरी करू नये. धाराशिवच्या आयटीआयमध्ये किंवा जाणत्या मेकॅनिकच्या टेबलावर, दुसरा माणूस खोलीत असताना करावे, आणि कंडेन्सर रेझिस्टन्समधून रिकामा करून मीटरने शून्य पाहिल्याशिवाय हात घालू नये. आणि एकदम जोडी करू नये. एक कान बांधावा, तो एक पावसाळा चालवून पाहावा; ऑक्टोबरात तो बोलता असेल तरच दुसऱ्याची फिल्म कापावी.