फ्लोराचा रंग निघाला, सवय उरली

मुंबईच्या हुतात्मा चौकातले फ्लोरा फाउंटन १८६४ मध्ये उभे राहिले. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, छिन्नी जेम्स फोर्सिथ यांची आणि दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलंड. पुढे या कोरीव कामावर ऑइलपेंटचे थर चढत गेले. फ्लोरा या रोमन देवतेच्या वस्त्राच्या चुण्या बुजल्या, शिंपल्यांच्या कडा बोथट झाल्या, तरी लांबून शिल्प पांढरेशुभ्र दिसे, म्हणून कुणाची तक्रार नव्हती. पोर्टलंड हा सच्छिद्र चुनखडीचा दगड. सांध्यांतून पाणी आत शिरते. कारंज्यात तर गळक्या नळांचेही पाणी मुरते. ते बाहेर पडायची वाट ऑइलपेंट अडवतो. मग रंगाखाली क्षार साचून दगडाचे पापुद्रे सुटतात, आणि ते झाकायला रंगाचा आणखी एक हात मारला जातो! पाऊस आणि धुरापासून रंग दगडाला वाचवतो, असे म्हटले जाते. पाऊस आणि धूर चुनखडीला झिजवतात हे खरेच. पण काजळी हलक्या पाण्याने, मऊ ब्रशने वेळच्या वेळी धुता येते. मुरलेला ऑइलपेंट काढणे हे कुशल हातांचे, वेळखाऊ काम आहे. माझा आक्षेप पांढऱ्या रंगाला नाही. चुन्याच्या पातळ सफेदीतून ओल बाहेर पडू शकते, ऑइलपेंटातून नाही.

शिल्प जपण्यावरचा दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: गोऱ्यांच्या काळातल्या रोमन देवतेवर पालिकेने पैसा का घालावा? पण संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर २१ नोव्हेंबर १९५५ रोजी गोळीबार झाला तो याच परिसरात, आणि हुतात्मा स्मारकही कारंज्याला लागूनच आहे. ज्या चौकात माणसे लढली, त्यातले शिल्प आता आपलेच. त्याची आबाळ करून इंग्रजांचे काय बिघडणार? जानेवारी २०१९ मध्ये रंग उतरवून, पाण्याची यंत्रणा सुधारून कारंजे पुन्हा सुरू झाले. काम चांगले झाले. मात्र जयंती किंवा पाहुणा आला की दिसेल त्या दगडावर रंगाचा डबा रिकामा करण्याची आपल्या शहरांची खोड त्याने गेलेली नाही. रंगरंगोटी एका रात्रीत होते, फोटोत उठून दिसते आणि तिचे बिल सहज निघते. सांधे चुन्याने भरण्याचे बिल कुणाच्या नजरेत भरत नाही. म्हणून सुशोभीकरणाच्या प्रत्येक निविदेत कोरीव दगडावर ऑइलपेंटला स्पष्ट मनाई हवी, आणि जीर्णोद्धाराच्या कंत्राटातच पुढच्या काही वर्षांच्या धुलाईची, नळांच्या तपासणीची तरतूद हवी.